मरण्याजोगी उशी

नादकूत, ८ जानेवारी १९८३

प्रिय पिरोश्का,

तुझा भाऊ मरायला टेकला आहे असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. तो मरायला निजला आहे. दोन्हींत फरक आहे आणि सध्या या घरात तो फरक मी एकटी सांभाळते आहे.

त्याचा जुना मित्र कोर्नेल गेला, त्याच्या दफनानंतरच्या जेवणात हे घडलं. कोर्नेल इस्पितळात होता. दुपारी सूप मागवलं आणि सूप यायच्या आत गेला. सगळे म्हणत होते, काय नीटनेटका गेला, कोणाला त्रास नाही. तुझ्या भावाच्या पुढ्यात आलुबुखाराची दारू होती. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मीही या हिवाळ्यात आटपून घेतो. वसंतात कामं असतात, लोकांना वेळ नसतो." लोकांनी माना डोलावल्या. सोसायटीच्या वजनकाट्यावर आयुष्य काढलेला माणूस. त्याने एकदा आकडा सांगितला की तो बदलत नाही, हे गावाला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने दाढी केली, रविवारचा शर्ट घातला आणि पलंगावर आडवा झाला. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "छाती बैलाची आहे." फादर येऊन मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावून गेले. जाताना त्यांनी स्वयंपाकघरात मला विचारलं, "त्याच्या ताटात कणकेचे गोळे होते का?" मी हो म्हटलं. ते तेलाची कुपी रुमालात गुंडाळून निघाले.

पुढे काही झालं नाही. काल सकाळी तो म्हणाला, "गिझी, या उशीत कोंबडीची पिसं आहेत."

मी म्हटलं, "काय?"

"कोंबडीच्या पिसांवर डोकं असलं की जीव निघत नाही. लहान मुलालाही ठाऊक आहे. मी माझ्याकडून सगळं केलं. अडचण उशीची आहे."

पिरोश्का, ही उशी माझ्या रुखवतातली. गाडीत सगळ्यांत वर रचून, अख्ख्या गावातून मिरवत आणलेल्या उशांपैकी शेवटची. माझ्या आईने हंसाचं एकेक पीस हाताने सोलून भरलेली. ज्या दिवशी त्या उशा या घरात आल्या त्याच दिवशी तुझ्या आईने एक दाबून पाहिली आणि तुझ्या कानात एकच शब्द सांगितला. मी दाराआड होते. "कोंबडी." तेव्हापासून दर नाताळला आमच्याकडे राहिलीस की तू सकाळी मान चोळत उठतेस. मी कधी बोलले नाही. आज बोलते.

काल मला राग आवरला नाही. मी म्हटलं, "माझ्या आईच्या उशीत हंसाशिवाय काही नाही. तुम्ही याच उशीवर मरून दाखवा." तोंडातून गेलं. तेव्हापासून मी येता-जाता त्याच्या नाकाशी हात धरते.

शेजारणी केक घेऊन समाचाराला येतात आणि निघताना सहज म्हणून उशी दाबतात. म्हणजे तो मेला तर आईचं नाव राहतं आणि जगला तर आई खोटी ठरते. अशा वेळी बाईने कशासाठी प्रार्थना करायची ते फादरनाही सांगता आलं नाही.

मी विचार केला आहे. निखळ हंसाची नवी उशी आणायची. डॉक्टर म्हणतात तसा तो धडधाकट असेल तर तिच्यावरही मरणार नाही. मग दोष पिसांचा नव्हता हे सगळ्यांना दिसेल आणि आई सुटेल. सेगेदला दुकानं आहेत. कोणत्या उशा मिळतात आणि केवढ्याला, ते बघून कळव. फार महाग नको. चाचणीपुरती हवी आहे.

तुझी वहिनी,
गिझेला

---

सेगेद, १३ जानेवारी

गिझी वहिनी,

पत्र मी जिन्यातच उभ्याने वाचलं. वर जाऊन बसून पुन्हा वाचलं. तरी तेच होतं.

मानेचं म्हणशील तर माझी मान तुझ्या लग्नाआधीपासून दुखते. आई जे बोलली ते बोलली.

काल मोठ्या दुकानात गेले. तिथे स्पंजाची उशी आहे, सगळ्यांत स्वस्त. विक्रेती म्हणाली, "मावशी, आधुनिक आहे, धुता येते." मी काउंटरवर ठेवून तिच्यावर डोकं टेकलं. ती डोकं टेकू देत नाही, परत वर ढकलते. वेंदेलदादा हिच्यावर निजला तर बसता होईल. दुसरी पिसांची आहे, मधल्या भावाची. पाटीवर लिहिलं आहे, "घरगुती पक्ष्यांची पिसं." मी विचारलं, "कोणत्या पक्ष्यांची?" ती म्हणाली, "घरगुती." हिच्यावर तुझी चाचणी होणार नाही.

मग मी बाजारामागे झिगाकडे गेले. तो गावोगाव पिसं विकत घेतो आणि चांगली तेवढी जर्मनांना पाठवतो. त्याच्याकडे ढीग आहेत, प्रत्येकावर चादर. दार उघडताना खोकू नका म्हणतो. त्याने मला इतके प्रश्न विचारले की तेवढे माझ्या नवऱ्याला कॅन्सर झाला तेव्हा इस्पितळातही विचारले नव्हते. माणूस कुशीवर निजतो की पाठीवर? खांदे रुंद आहेत का? घाम येतो का? किती वर्षं वापरणार?

शेवटच्या प्रश्नाला मी खरं सांगितलं.

तो म्हणाला, "बाई, त्या कामासाठी नेलेली उशी आजवर कोणी तक्रार करून परत आणलेली नाही." मग थोडा विचार करून म्हणाला, "आठवड्याचाच प्रश्न असेल तर भाड्याने देऊ का?"

मी खरंच क्षणभर विचार केला. इतकी मी बावरले होते.

त्याच्याकडे साधी हंसाच्या पिसांची आहे, मध्यम किमतीची. नुसत्या लवेची आहे, ती तिच्या दुपटीने. आणि हंसाच्या पोटाखालची लव, जी जर्मनांना जाते, तिची किंमत मी विचारली तेव्हा त्याने आधी मला खुर्ची दिली.

पण वहिनी, माझं ऐकशील तर उशी बदलूच नकोस. तुझ्या उशीत कोंबडी आहे असं मी लग्नापासून म्हणत आले. आज पहिल्यांदाच मला मनापासून वाटतं की ती असावी. असेल तर तुझ्या आईचे आमच्यावर उपकार आहेत. मला एकच भाऊ आहे. आहे त्या उशीवर पडू दे. वसंतात उठेल.

पिरोश्का

---

[पेन्सिलने, कॅलेंडरच्या पानामागे]

नादकूत, १७ जानेवारी

पिरोश,

अक्षर मोठं आहे कारण मला दिसत नाही. चष्मा गिझीने कपाटात ठेवला, म्हणाली तुम्हाला आता काय वाचायचं आहे. पोस्टातली मातिल्द पेन्शन घेऊन आली आहे. गिझी कोंबड्यांना दाणे टाकायला गेली आहे. मातिल्द हे घेऊन जाईल.

मला मरायचं नाही. म्हणजे कधीतरी मरायचं आहे, पण आता नाही. कोर्नेलच्या जेवणात तोंडून गेलं. सगळे त्याची इतकी स्तुती करत होते. मला वाटलं कोणीतरी म्हणेल, छे, तुला काय झालंय, बस खाली. कोणी म्हणालं नाही. बालिंत सुताराने टेबलाखाली वाकून माझे पाय कुठपर्यंत येतात ते पाहिलं.

आता उठू कसा. वजनकाट्यावर इतकी वर्षं बसलो, एकदाही "चुकलं" म्हटलं नाही. चुकलं तेव्हाही म्हटलं नाही.

मग कोंबडीचं सुचलं. पिसांमुळे जीव निघत नाही, माझा इलाज नाही, असं वसंतापर्यंत ओढायचं. मग कामं निघतात, लोक विसरतात. गिझीच्या आईबद्दल मला काहीच म्हणायचं नव्हतं. माझ्याशी फार चांगली वागायची. पण दोष देण्यासारखं दुसरं काही हाताशी नव्हतं. डोक्याखाली तेवढंच होतं.

ठीक चाललं होतं. आता गिझी म्हणते, तू हंसाची उशी पाठवते आहेस. हंसाच्या उशीवर मी लोकांना काय सांगू? आणि तुला खरं सांगतो, मला भीती वाटते. कोंबडीचं मी उगाच काढलं, पण ते खोटं आहे असं मला म्हणता येत नाही. आजोबांचं किती लांबलं होतं तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतीस. मी खोलीत होतो. आजीने त्यांच्या डोक्याखालची उशी काढून हंसाची ठेवली आणि ते गेले. तेवढ्यात.

पाठवू नकोस. गिझीला यातलं काही सांगू नकोस. तिच्यासमोर एवढं नाटक झाल्यावर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. उत्तरही लिहू नकोस, पत्रं तीच उघडते.

ती आली.

वें.

---

नादकूत, १९ जानेवारी

प्रिय पिरोश्का,

तुझी उपकारांची भाषा कळली. माझ्या मेलेल्या आईला खोटं ठरवून वर तिचे आभार मानायचे, हे तुझ्याकडून शिकावं.

उशी बदलणार. तू पाठवली नाहीस तर माझी बहीण योलान देते आहे. ओरोशहाझाहून स्वतः घेऊन येते म्हणाली, महिनाअखेरीला. हंसाचीच आहे, तिच्या सुनेच्या रुखवतातली, थोडी जुनी. "जाळावी लागली तरी चालेल," म्हणाली. ज्या उशीवर माणूस जातो ती जाळतात हे मला माहीत आहे, पण बहिणीने बहिणीला असं बोलून दाखवायला नको होतं. फुकट मिळते आहे म्हणून मी हो म्हणायच्या बेतात आहे. पण योलानचं तोंड तुला ठाऊक आहे. गावभर सांगेल की माझ्या उशीवर गेला.

बालिंतने पेटीच्या फळ्या कापल्या. काल येऊन पुन्हा माप घेऊन गेला. म्हणाला, "निजलेला माणूस थोडा लांबतो." तुझा भाऊ त्याला म्हणाला, "घाई करू नकोस, ओलं लाकूड वाकतं." माणसाला या अवस्थेतही लाकडाची काळजी आहे.

एक मात्र दिसतं. नव्या उशीचं नाव काढलं की त्याचं जेवण अडकतं. सारखा विचारतो, "पिरोश्काचं काही आलं का?" इतकी त्याला घाई झाली आहे.

तुला एकदाच सांगते, पुन्हा लिहिणार नाही. मला तो मेलेला नको आहे. सकाळी चूल पेटवायच्या आधी मी त्याचा श्वास ऐकते आणि मगच काडी ओढते. पण आई खोटी ठरलेलीही मला नको आहे. तिच्यामागे तिचं असं दुसरं काही राहिलेलं नाही. दोन्ही हवं असेल तर त्याने हंसाच्या उशीवर जिवंत राहिलं पाहिजे. दुसरा मार्ग मला दिसत नाही. तुला दिसत असेल तर कळव, नाहीतर उशी पाठव.

गिझेला

---

सेगेद, २४ जानेवारी

गिझी वहिनी,

योलानला येऊ नकोस म्हणून कळव. उशी पाठवते आहे. सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिली आहे, स्वतः उतरवून घे, छपरावर टाकू देऊ नकोस.

झिगाकडची सगळ्यांत वरची घेतली. ज्या किमतीला त्याने मला खुर्ची दिली होती ती. चार हजार फोरिंट. तुम्ही नोव्हेंबरात डुक्कर विकलंत ना, तेवढे. माझ्या दफनासाठी बाजूला ठेवले होते त्यातून दिले. परत नकोत, तो विषयही काढू नकोस.

आता नीट वाच. वेंदेलदादाला किंमत सांग. उशी डोक्याखाली देण्याआधी सांग. चार हजार म्हण, आणि डुक्करही म्हण, कारण नुसत्या आकड्याने त्याला लगेच कळलं नाही तर डुकराने कळेल. लोक बसलेले असतील तर उत्तमच, त्यांच्यासमोर सांग. पावती अभ्र्याला टाचली आहे, ती काढू नकोस.

मला कारण विचारू नकोस. तुला आजवर मी पुष्कळ नको ते सांगितलं, त्यातलं बरंचसं तू ऐकलंस. हे हवं ते आहे. एवढं ऐक.

पिरोश्का

---

नादकूत, ३० जानेवारी

पिरोश्का,

तुला वेड लागलं आहे का? एक डुक्कर. आम्ही ते दीड वर्ष पोसलं. तू ते एका दुपारी अभ्र्यात भरून पाठवलंस.

मी त्याला किंमत सांगितली नाही. सांगणारही नाही. तुझ्या भावाने जन्मात एक टोपी फाटल्याशिवाय दुसरी घेतली नाही. मरायला निजलेल्या माणसाला असा धक्का देतात का? तेही लोकांसमोर? पावती मी चुलीत घातली. त्याला म्हटलं, "पिरोश्काला ओळखीने मिळाली. जवळजवळ फुकट." तो म्हणाला, "बरं झालं," आणि डोळे मिटले.

उशी चांगली आहे. ते नाही म्हणत नाही. अशी मी पाहिली नव्हती. टोचत नाही, वाजत नाही. डोकं ठेवलं की डोकं कुठे गेलं ते कळत नाही. मीच ती त्याच्या मानेखाली सरकवली. बालिंत होता, दोन शेजारणी होत्या. सगळे त्याच्याकडे बघत राहिले, भट्टीतल्या पावाकडे बघावं तसे.

पिरोश्का, त्या दिवसापासून तो खात नाही.

आधी सूप अर्धं परत यायचं, आता वाटी तशीच परत येते. बोलत नाही. छताकडे बघतो. डॉक्टरना बोलावलं. त्यांनी नाडी धरली आणि धरूनच बसले. या वेळी बैल म्हणाले नाहीत. म्हणाले, "कालपर्यंत त्याला काही नव्हतं. आजही काही नाही. पण तो चालला आहे." फादर आले आणि या खेपेला ताटाचं विचारलं नाही.

काल मी ती उशी ओढून काढायला गेले. म्हटलं, "ही नको. आईची देते. कोंबडीची तर कोंबडीची." मी हे बोलले, पिरोश्का. मोठ्याने, शेजारणींसमोर. आई सुटली काय आणि बुडाली काय, मला आता काही वाटत नाही.

त्याने उशी दोन्ही हातांनी धरून ठेवली. म्हणाला, "राहू दे, गिझी. हंसाची मागितली होती. आली. आता मागे कसा फिरू?" हात गार होते.

तू ये. पत्र लिहीत बसू नकोस.

गिझी

---

[तार]

सेगेद, १ फेब्रुवारी

वेंदेल बोरोश, नादकूत

उशीची किंमत चार हजार. अख्खं डुक्कर. व्यापारी परत घेत नाही. नीट वापरल्यास वीस वर्षं टिकते. जाळल्यास राख. पिरोश्का

---

नादकूत, ४ फेब्रुवारी

प्रिय पिरोश्का,

तार मातिल्दने आणली. ती आली तेव्हाच अर्ध्या गावाला मजकूर ठाऊक होता, कारण तिच्यामागून माणसं चालत आली होती. मला वाटलं तू येत असल्याची तार आहे. मी म्हटलं, "दे इकडे." ती म्हणाली, "काकू, नाव वेंदेलकाकांचं आहे. आजारी माणसाची तार वाचून दाखवायची असते." आणि पलंगापाशी उभी राहून तिने वाचली, घोषणा करतात तशी.

तुझ्या भावाचे डोळे मिटलेले होते. ते तसेच राहिले. पण तो म्हणाला, "किती?"

मातिल्दने पुन्हा वाचलं. चार हजार.

"कोण म्हणतं?"

"पिरोश्काकाकू."

"डुक्कर म्हणालीस का काहीतरी?"

"अख्खं डुक्कर, असं लिहिलंय."

त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. "तू तर म्हणालीस जवळजवळ फुकट."

मी काय बोलणार? मी खाली पाहिलं. ते पुरलं. इतक्या वर्षांत मी हिशेबात त्याला फसवलं आहे ते त्याने माझ्या मानेवरूनच ओळखलं आहे.

तो कोपरावर उठला. मग बसला. डोक्याखालची उशी त्याने काढून दोन्ही तळव्यांवर घेतली आणि वजन करावं तशी वरखाली केली.

"एक किलो नाही ही," तो म्हणाला. "बालिंत, हात लाव. एक किलो आहे का?"

बालिंतने हात पुसून लावला. "नाही."

"तू डुक्कर घेशील, एक दिवस वापरशील आणि जाळशील?"

"मी कशाला जाळीन?"

"मी गेलो तर ही जाळावी लागेल."

"लागेल," बालिंत म्हणाला. "ती पद्धत आहे."

"मग मी कसा जाऊ?"

चुलीवर किटली शिट्टी वाजवत होती, ती मी उतरवली. शेवटी बालिंतच म्हणाला, "वीस वर्षं टिकते म्हणते तुझी बहीण. वीस धरली तर वर्षाला दोनशे पडतात."

"दोनशे महाग आहेत. तीस धर."

"तीस धरली तर तू एकशे चार वर्षांचा होशील."

"त्यात उशीचा काय दोष?"

लोकांनी माना डोलावल्या. अगदी कोर्नेलच्या जेवणात डोलावल्या होत्या तशाच. एक जण म्हणाला, "वेंदेलचं बरोबर आहे. शब्द शब्दाच्या जागी, पण डुक्कर जाळायचं म्हणजे पाप आहे." फादरनाही तेच वाटलं. त्यांनी सांगितलं की लावलेलं तेल वाया जात नाही, ते पुढे कधीतरी उपयोगी पडतं.

बालिंत एवढंच म्हणाला, "माझ्या फळ्यांचं काय?" तुझा भाऊ म्हणाला, "खुराड्याचं दार कुजलंय. उद्या घेऊन ये." मग त्याने चष्मा मागितला, पाय खाली सोडले आणि उभा राहिला. मी धरलं. तो माझ्या कानात म्हणाला, "सूप आहे का काही?" मी सूप वाढलं. दोनदा वाढलं. मग बाहेर जाऊन गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहिले, जरा वेळ.

किंमत सांग, सांग, असं तू का लिहीत होतीस ते आता कळलं. मी तुझं ऐकलं नाही आणि त्याला जवळजवळ मारलं. हे तू मला पुढे कधी ऐकवलंस तर मी गप्प बसेन. पण एकदाच.

तुझी,
गिझी

---

सेगेद, ९ फेब्रुवारी

गिझी वहिनी,

ऐकवणार नाही. माझा भाऊ मला पाळण्यातून दिसत असल्यापासून माहीत आहे, त्यापलीकडे मी काही हुशारी केलेली नाही.

झिगाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, एका बाजूने निजू देऊ नका, रोज उलटा, उन्हात ठेवा पण कडक उन्हात नको. आणि विचारत होता, आता तुम्हाला स्वतःसाठी काय दाखवू? मी म्हटलं, माझे दफनाचे पैसे गेले, म्हणजे मलाही पुन्हा साठेपर्यंत थांबायचं आहे. स्पंजाची घेईन. तिच्यावर माणूस निजू शकत नाही, तर मरेल कसा?

जुनी उशी कोणी उघडून बघू म्हणालं तर उघडू देऊ नकोस. योलानला तर मुळीच नाही.

पिरोश्का

---

नादकूत, १७ एप्रिल

प्रिय पिरोश्का,

पेरणी झाली. खुराड्याला दार बसलं, फार चांगलं झालं आहे, आत पितळेची कडी आहे. कोंबड्यांना इतकं चांगलं दार अख्ख्या नादकूतमध्ये नाही.

तुझा भाऊ ठीक आहे. डुकरावर निजतो. आम्ही आता तिला तेच म्हणतो. रोज सकाळी उलटतो, रोज संध्याकाळी डोकं धुऊन मगच टेकतो. लोक बघायला येतात. हात लावू देतो, डोकं ठेवू देत नाही. झिजते म्हणतो. मागे फादरना पाच मिनिटं ठेवू दिलं, ते तिथेच झोपले आणि संध्याकाळची प्रार्थना उशिरा झाली.

पण एका गोष्टीचं मला वाईट वाटतं, ते तुलाच लिहिते. आईची उशी मी ट्रंकेत तळाशी ठेवून दिली होती. आईचं नाव आता कोणी काढत नव्हतं, विषय संपला होता. तर त्याने ती शोधून काढली. रोज निजताना माझ्या डोक्याखाली आणून ठेवतो आणि म्हणतो, "यावर नीज. यात कोंबडी आहे." रोज. मी म्हटलं, "अजून किती दिवस माझ्या आईला बोल लावणार?" तर चारी कोपरे दाबून बघतो, सारखे करतो आणि आपल्या डुकरावर जाऊन पडतो.

मध्ये योलान तिची हंसाची उशी घेऊन आली होती. "तो नाही तर तू वापर," म्हणाली. एक दिवस घेतली मी. तुझ्या भावाने ती माझ्या मानेखालून काढली आणि दुसऱ्या दिवशीच्या बसने परत पाठवून दिली. बहिणीला मी काय सांगायचं?

मार्चमध्ये मला खोकला झाला, छातीत उतरला होता. मी सांगत होते की ही उशी टणक आहे, मला मऊ काहीतरी द्या, तुमची द्या घटकाभर. ज्याने डुक्कर डोक्याखाली घेतलं त्याने बायकोला एवढं द्यायला काय हरकत होती? नाही दिली. खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसून राहिला, हात आईच्या उशीवर ठेवून, घसरू नये म्हणून. मी म्हटलं, "हंसाचीच आहे ही, मान्य करा." तो म्हणाला, "कोंबडीची आहे, गिझी. नक्की कोंबडीची आहे." आजारी माणसाशी वाद घालायचा नसतो एवढंही त्याला कळत नाही. असो, मी बरी झाले.

काल खोळीचा एक टाका उसवला. मी शिवायला घेतली तर त्याने सुई माझ्या हातातून काढून घेतली आणि खिडकीपाशी बसून स्वतः शिवली, दुहेरी दोऱ्याने, आधी एका अंगाने, मग दुसऱ्या. दोन पिसं बाहेर आली होती ती चिमटीने उचलून परत आत घातली. म्हणाला, "यातलं एकही जाऊ द्यायचं नाही."

जुन्या पिसांचीही काटकसर. अशा माणसाबरोबर मी दिवस काढते आहे.

तुझी वहिनी,
गिझेला